काळी खसखस

गेल्या मार्चमधल्या एका शनिवारी मी गोर्लित्सला गेले होते. ड्रेस्डेनहून आगगाडीने दीड तासाच्या आतलं गाव, पण इथे राहून नऊ वर्षं झाली तरी कधी पाय वळले नव्हते. स्टेशनवरून जुन्या गावाकडे चालत निघाले. वारा नुसता कापत होता. एका गल्लीच्या तोंडाशी बेकरीचं दार उघडलं, तसा आतून लोण्याचा आणि भाजलेल्या पिठाचा ऊबदार वास आला, आणि मी आत शिरले. काचेमागे पत्र्याच्या लांबट ट्रेमध्ये केकचे चौकोनी तुकडे मांडले होते. खाली पातळ तळ, वर लोणी-साखर-मैद्याचा खडबडीत भुगा आणि मधोमध चांगला दोन बोटं जाडीचा काळाभोर थर. खसखशीचा. आमच्या ऑफिसातला पोलिश सहकारी दर नाताळात आईने पाठवलेला खसखशीचा रोल घेऊन येतो, त्यामुळे मला वाटलं, हे आपल्या ओळखीचं आहे. “तो पोलिश केक द्या एक,” मी म्हटलं. बाईंचा चिमटा ट्रेवरच थांबला. साठी ओलांडलेल्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. “हा पोलिश नाही,” त्या म्हणाल्या. “हा श्लेसिश आहे.” मग त्यांनी तुकडा कागदात नीट बांधला, सुटे पैसे परत केले, शनिवार-रविवार छान जावो म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, कपाळाला आठी नव्हती.

रागावल्या असत्या तर मी विसरूनही गेले असते.

श्लेसिश म्हणजे सायलेशियाचा. फोनवरच्या नकाशात त्या नावाचा देश सापडत नाही. ज्या मुलखाला जर्मन लोक श्लेसिएन म्हणायचे, त्यातला जवळजवळ सगळा भाग १९४५ पासून पोलंडमध्ये आहे. जर्मनीत उरला तो नदीच्या अलीकडचा एक चिंचोळा तुकडा, आणि गोर्लित्स त्या तुकड्यातलं सगळ्यात मोठं गाव. म्हणजे बाईंनी मला एका अशा जागेचं नाव सांगितलं होतं जिथे आता तिकीट काढून जाता येत नाही. आपलं नाव कुणी चुकीचं घेतलं की आपण कसं सवयीने दुरुस्त करतो, तसं त्यांनी ते सांगितलं. हजारदा केलं असेल. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी त्यांच्या काउंटरवर येऊन तेच बोट दाखवलं असेल, तेच चुकीचं नाव घेतलं असेल.

केक मी नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ला. आपली खसखस पांढरी, इथली निळसर काळी. अख्खी घालत नाहीत. आधी भरडतात, मग दुधात थोडा रवा टाकून शिजवतात, बेदाणे घालतात आणि घट्ट शिऱ्यासारखा गोळा झाला की पिठाच्या तळावर पसरतात. जिभेवर आधी दूध येतं, मग किंचित कडवट, मातकट अशी एक चव, आणि सगळ्यात शेवटी दातांत अडकून बसलेले दाणे. त्या दाण्यांनी मला थेट निपाणीच्या आमच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. आजी अनारसे थापायची ते खसखशीवर. पाटावर शुभ्र खसखस पसरलेली, तिच्या तळव्याला चिकटलेली, आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवायची, ती उलटायची नाही, एवढी एकच सूचना ती पुन्हा पुन्हा द्यायची. दिवाळी संपून दोन दिवस झाले तरी दाढेतून एखादा दाणा निघायचा. चव तीच नव्हती. पण दात ओळखतात.

समोर नदी होती. लाउझित्सर नायसे. नकाशात ती दोन देशांमधली जाड रेघ दिसते, म्हणून मी मनात काहीतरी भलं मोठं पात्र धरून आले होते. प्रत्यक्षात ती आमच्या वेदगंगेसारखी. पलीकडच्या काठावर कुणी हाक मारली तर ऐकू यावी, एवढीच. पलीकडचं गाव झ्गोझेलेत्स, पोलंड. एक बाई खिडकीतून सतरंजी झटकत होती, तिच्या झटकण्याचा आवाज अर्धा क्षण उशिरा इकडे पोचत होता. माझ्या पाठीशी उंच कड्यावर पेटर्सकिर्श या चर्चचे दोन पांढरट मनोरे, समोर पूल, आणि पुलावरून पिशव्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी निवांत ये-जा करत होती. १९४५ पर्यंत ही दोन गावं नव्हतीच. एकच गोर्लित्स, नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं.

गंमत अशी की दोन्ही नावं मुळात एकच आहेत. १०७१ सालच्या एका दानपत्रात या वस्तीचा पहिला उल्लेख येतो, तो स्लाव्ह नावानेच. अर्थ, जळलेली जागा. रान जाळून वसवलेलं गाव. त्याच नावाचं जर्मन जिभेवर गोर्लित्स झालं, पोलिश जिभेवर झ्गोझेलेत्स. तिसरं रूप सोर्बियन, या भागातल्या छोट्या स्लाव्ह समाजाच्या भाषेतलं. या गावावर आधी बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक मुलखाच्या, राजमुकुटाची सत्ता होती. नगरभवनाच्या भिंतीवर हंगेरीचा राजा मात्याश कोर्विनुस याचं राजचिन्ह १४८८ पासून कोरलेलं आहे, कारण मध्ये काही वर्षं ते त्याच्याही ताब्यात होतं. १६३५ मध्ये गाव सॅक्सनीकडे गेलं. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ते प्रशियाला मिळालं, आणि प्रशियाने ते आपल्या सायलेशिया प्रांताला जोडलं. त्याआधी शतकानुशतकं हे लोक स्वतःला लाउझित्सचे, म्हणजे इथल्या भोवतालच्या प्रदेशाचे, म्हणवत होते. म्हणजे बेकरीतल्या बाईंचं ते ‘श्लेसिश’ही एका कागदावरूनच आलेलं. हे कळल्यावर क्षणभर मला वाटलं, चला, सुटले, त्यांचं म्हणणंही तितकंसं पक्कं नाही. आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटली. नाव कागदावरून आलं म्हणून ते खोटं होत नाही. त्या नावाने चार-पाच पिढ्या जन्मल्या, लग्नं झाली, केक भाजले गेले.

चर्चजवळ एक जुनी, जाड भिंतींची इमारत आहे, वाइडहाउस. वाइड नावाच्या रोपाच्या पानांपासून युरोपात पूर्वी निळा रंग करायचे. मध्ययुगात या मालाच्या साठ्याचा आणि विक्रीचा खास हक्क गोर्लित्सकडे होता. पश्चिमेकडच्या थुरिंगियातून माल यायचा, इथे उतरवावाच लागायचा आणि इथून पुढे पूर्वेकडे जायचा. कापड आणि हा निळा रंग यांवर गाव गबर झालं. मग समुद्रमार्गाने आपल्याकडची नीळ युरोपात पोचली. ती गडद होती, पक्की होती, थोडकीच पुरायची. जर्मन मुलखांत तिला सैतानी रंग म्हणून बंदी घालून पाहिली, पण वाइड टिकला नाही. त्या इमारतीच्या भिंतीला हात लावून मी थोडा वेळ उभी राहिले. दगड बर्फासारखा गार होता. आपल्या मातीतल्या एका झुडपाने या अनोळखी गावाचा धंदा बसवला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं. इथल्या शाळेतल्या मुलांना तरी कुणी सांगत असेल का?

पूल ओलांडून पलीकडे गेलं की डाव्या-उजव्या हाताला रंगवलेली जुनी घरं लागतात आणि त्यांतलं एक याकोब ब्योमेचं. हा चांभार. १५७५ चा जन्म, जवळच्याच खेड्यातला. गोर्लित्समध्ये चामड्याचा धंदा मांडला, १५९९ मध्ये नदीपलीकडे हे घर घेतलं, आणि दुसऱ्याच वर्षी कथलाच्या ताटलीवर पडलेली उन्हाची तिरीप पाहता पाहता त्याला काहीतरी दिसलं, ज्याचा अर्थ लावण्यात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. चांभार आणि साक्षात्कार म्हटलं की मराठी माणसाला रोहिदास आठवणारच. मलाही आठवले. धर्मपीठाने त्रास देणंही ओळखीचंच निघालं. गावच्या मुख्य पाद्र्याने भर प्रवचनातून त्याला झोडपलं, लिहायची मनाई करवली. १६२४ मध्ये तो गेला. त्याचं थडगं नदीच्या जर्मन काठावर आहे आणि घर पोलिश काठावर. ज्या माणसाने आयुष्यभर उजेड आणि अंधार एकाच मुळातून कसे येतात याचा विचार केला, त्याचं घर आणि थडगं यांच्यामधून तीनशे वर्षांनी सीमा गेली.

७ मे १९४५. युद्ध संपायला एक दिवस उरला होता. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नायसेवरचे पूल उडवून दिले. गावावर फारसे बाँब पडले नव्हते, जुन्या गल्ल्या शाबूत होत्या, तुटले ते पूल. मग त्या उन्हाळ्यात विजेत्या राष्ट्रांच्या पोट्सडामच्या परिषदेत ओडर आणि नायसे या नद्यांची रेघ ठरली आणि पूर्वेकडचा काठ पोलंडच्या हाती गेला. तिथल्या जर्मन कुटुंबांना घरं सोडावी लागली. नुसत्या पूर्वकाठच्याच नव्हे, साऱ्या सायलेशियातल्या लाखो लोकांना. त्यातले कितीतरी जण चालत, हातगाड्या ओढत नदी ओलांडून पश्चिम काठावर आले आणि तिथेच थांबले. कारण काही महिन्यांत परत जायचंच आहे, असं त्यांना वाटत होतं. पुढे जायचं कशाला? इथून घर दिसत नसलं तरी घराची दिशा तरी दिसत होती. चार वर्षांत गोर्लित्सची लोकसंख्या लाखाच्या घरात गेली. आज ती ५६ हजारांच्या आसपास आहे.

आणि मग त्यांच्याकडून शब्दही काढून घेतले गेले. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पूर्व जर्मनीच्या सरकारला पोलंडशी मैत्री दाखवायची होती. ६ जुलै १९५० रोजी झ्गोझेलेत्सच्या संस्कृतिभवनात, म्हणजे कधीकाळी जर्मन कैसरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या घुमटाखाली, दोन्ही पंतप्रधानांनी सीमेच्या करारावर सह्या केल्या. ग्रोटेवोल इकडून, त्सिरांकिएविच तिकडून. तिला शांततेची सीमा म्हणायचं ठरलं. त्यानंतर हाकलून दिलेल्या माणसांना हाकलून दिलेले म्हणायची सोय राहिली नाही. त्यांच्यासाठी सरकारी शब्द होता ‘उमझीडलर’, म्हणजे स्थलांतर करून वसलेले. जणू बदली झाली होती. सायलेशिया हे नाव तर नकोसंच झालं. १९६८ मध्ये इथल्या प्रॉटेस्टंट चर्चला आपल्या नावातून ते काढावं लागलं, आणि ‘गोर्लित्स परिसराचं चर्च’ असं एक बिनचेहऱ्याचं नाव घ्यावं लागलं. देवाच्या दारावरची पाटीसुद्धा बदलली. बेकरीतल्या बाई त्या काळात लहान असणार. घरात आई जो शब्द बोलायची, तो शाळेत तोंडातून निघता कामा नये, हे एखाद्या पोरीला कसं कळत असेल? कुणी समजावून सांगत असेल, की आईच्या डोळ्यांतून कळत असेल?

पण केकला नाव होतंच. निदान स्वयंपाकघरात.

हे लिहिताना मला पलीकडच्या काठाला बाजूला सारायचं नाही. सोपं आहे तसं करणं. बाईंचा चेहरा डोळ्यांसमोर असला की सगळा इतिहास त्यांच्या बाजूने वाहायला लागतो. पूर्वकाठच्या रिकाम्या घरांत जी माणसं आली तीही हौसेने आली नव्हती. पोलंडचा पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत संघाने घेतला होता, तिथून उठवलेली कुटुंबं आगगाडीच्या मालडब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करत पश्चिमेला आली. काही मध्य पोलंडमधून, जिथे युद्धाने घर शिल्लक ठेवलं नव्हतं. काही जर्मनांच्या वेठबिगारीतून सुटलेली. त्यांना मिळालं ते दुसऱ्याचं घर. दुसऱ्याच्या ताटल्या, दुसऱ्याच्या भिंतीवर खिळ्यांच्या खुणा, कपाटात राहून गेलेला कुणाचातरी कोट. जर्मन परत येतील, या धास्तीने कितीतरी घरांत वर्षानुवर्षं ट्रंका पूर्ण उघडल्याच गेल्या नाहीत, परसात झाडं लावायला लोक कचरत होते. पश्चिम जर्मनीने ही सीमा मान्य करायला १९७० साल उजाडलं आणि एकत्र जर्मनीचा शेवटचा करार १४ नोव्हेंबर १९९० ला झाला. पंचेचाळीस वर्षं. तेवढ्यात कलम केलेल्या झाडालाही नातवंडं झाली असती.

आणि ग्रीक. झ्गोझेलेत्समध्ये नदीकाठच्या रस्त्याला ग्रीकांचं नाव आहे, ते पाहून मी चक्रावले होते. १९४९ मध्ये ग्रीसमधलं यादवी युद्ध संपलं, हरलेल्या डाव्या बाजूची माणसं देशोधडीला लागली, आणि त्यातली हजारो, ग्रीक आणि मॅसिडोनियन, पोलंडने या रिकाम्या गावात आणून वसवली. ऑलिव्हच्या डोंगरातली माणसं नायसेच्या धुक्यात. त्याहून नवल म्हणजे ग्रीक इथे दुसऱ्यांदा आले होते. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, कावाला बंदरातलं ग्रीक सैन्याचं एक अख्खं कोअर, सहा-सात हजार माणसं, जर्मनांनी ‘पाहुणे’ म्हणून गोर्लित्सला आणून ठेवली होती. त्यांनी इथे ग्रीक वर्तमानपत्र चालवलं, कित्येकांची इथल्या मुलींशी लग्नं झाली, काही इथल्याच मातीत गेली. प्रशियाच्या ध्वनिमुद्रण आयोगाने १९१७ मध्ये त्यांची गाणी तबकड्यांवर उतरवली. याच आयोगाने बर्लिनजवळच्या व्युन्सडोर्फच्या छावणीतल्या हिंदी युद्धकैद्यांचे आवाजही तसेच टिपले आहेत, आणि ते आजही बर्लिनच्या संग्रहात आहेत. गावापासून इतकं लांब, एका पितळी कर्ण्यासमोर उभं राहून बोल म्हटल्यावर माणूस काय बोलेल? बहुतेक घरचंच काहीतरी.

मी स्वतः सीमाभागातली. हा शब्द मराठीत उच्चारला की पुढचं काही सांगावं लागत नाही. माझ्या लहानपणी पुण्याच्या गाडीत कुणी ना कुणी विचारायचं, “कुठले तुम्ही?” बाबा म्हणायचे, “निपाणी.” समोरचा म्हणायचा, “म्हणजे कर्नाटकातले. मराठी छान बोलता हो.” बाबा आवाज न चढवता, कपाळाला आठी न घालता म्हणायचे, “आम्ही निपाणीचे.” तेवढंच. मग खिडकीबाहेर बघायला लागायचे. मला तेव्हा वाटायचं, एवढं काय त्यात, पुण्याचे काका कौतुकच तर करत होते. बेकरीच्या दारातून बाहेर पडताना मला जे टोचलं ते हे असणार, पण ते ओळखायला मला ड्रेस्डेनला परतून रात्रीची भांडी घासायला यावं लागलं. हातात साबणाचा फेस, आणि एकदम बाबांचा आवाज. बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. १९५६ मध्ये आमच्या दाराशी कुणी बंदूक घेऊन आलं नव्हतं, कुणाला चुलीवरचं भांडं तसंच सोडून पळावं लागलं नाही. आणि आमच्या शेजारच्या अक्का, ज्यांच्या मांडीवर बसून मी कानडी शिकले, त्यांचीही चौथी पिढी त्याच गल्लीत होती. २०१४ मध्ये बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा आमच्याकडे जेवणं गेली नाहीत, अक्कांच्या मुलाने पेढे वाटले. दोघांनाही मी खोटं म्हणू शकत नाही. बाबांना तर नाहीच.

गोर्लित्सच्या पुलाचं एक जवळून पाहण्यासारखं आहे. १९४५ ला उडवलेल्या त्या जुन्या पुलाच्या जागी एकोणसाठ वर्षं काहीच नव्हतं. रस्त्याचा दुसरा पूल होता, तिथे चौक्या, शिक्के, रांगा. १९७२ मध्ये दोन्ही देशांनी विनाव्हिसा ये-जा सुरू केली, १९८० मध्ये पोलंडमध्ये ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगारांची चळवळ उठली तशी पूर्व जर्मनीने ती घाईने बंद केली. १९९८ मध्ये दोन्ही गावांनी मिळून स्वतःला युरोप-नगर म्हणवून घेतलं. हा पायी चालायचा पूल उघडला ऑक्टोबर २००४ मध्ये. २००७ च्या डिसेंबरात तपासणीही उठली. आणि २०२० च्या मार्चमध्ये, साथीच्या भीतीने, याच पुलावर रातोरात जाळीचं कुंपण उभं राहिलं. एका काठावर घर आणि दुसऱ्या काठावर नोकरी असलेली माणसं अडकली. जोडपी जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसायची. जूनमध्ये मध्यरात्री ते हटवलं तेव्हा दोन्हीकडचे नगराध्यक्ष हजर होते. त्यातले गोर्लित्सचे, २०१९ ला निवडून आलेले, जन्माने बुखारेस्टचे. इथल्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायला म्हणून आले आणि इथलेच झाले. या गावात मुळातला माणूस शोधत गेलं की असंच होतं.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेले. खरं तर बेकरीसाठीच, पण स्वतःशी कबूल करायचं नव्हतं म्हणून आधी सायलेशियन संग्रहालय पाहिलं. ते १५२६ च्या एका देखण्या घरात आहे. तिथे एका काचेच्या कपाटापुढे मी बराच वेळ थांबले. बुन्त्सलाउची मातीची भांडी. पांढुरक्या झिलईवर कोबाल्टच्या निळ्याचे ठिपके आणि मोरपिसाच्या डोळ्यासारखे गोल, स्पंजाच्या छोट्या ठशांनी एकेक उमटवलेले. नीट बघितलं तर प्रत्येक डोळा जरासा वेगळा, कुठे ठसा हलका पडलेला, कुठे रंग ओघळलेला. असाच कप माझ्या ड्रेस्डेनच्या ओट्यावर आहे, आमच्या त्याच पोलिश सहकाऱ्याने दिलेला. त्याच्या बुडावर लिहिलंय बोलेस्वाविएत्स. तेच गाव. इथून पन्नास किलोमीटरवर. गाव तिथेच राहिलं, माती तीच, जर्मन कुंभार गेले, पोलिश कुंभार आले, आणि त्यांनी डोळा तसाच ठेवला.

मग पूल ओलांडला. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून या सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, २०२५ च्या जुलैत पोलंडनेही. दोन तरुण पोलीस पुलाच्या टोकाशी हात चोळत उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्या माणसांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, माझं कार्ड त्यांनी पाहिलं, उलटून पाहिलं, आभार मानून परत दिलं. सवय झालीय. तरीही कार्ड पाकिटात परत ठेवताना बोटं थोडी घाई करतात. पलीकडे चढावर एक मिठाईचं दुकान आहे. काउंटरवर पंचविशीची पोरगी, कानात हेडफोन. खसखशीचा रोल होता, वर साखरेची झिलई आणि संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे. या खेपेला मी शहाणी झाले होते. “हा सायलेशियन का?” मी विचारलं. तिने हेडफोन काढला, हसली. “नाही हो. आमच्या पणजीची पद्धत आहे. ती ल्वूफकडची.” मग थोडं थांबून म्हणाली, “म्हणजे आता युक्रेन.” नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्या घरी गहू, मध आणि खसखशीची खीर होते, तीही तिकडचीच, हे तिने आपणहून सांगितलं. इथे जन्मलेली, हिची आईही इथलीच. पणजीने तिच्या गावातून आणलेलं आता काय उरलंय, तर ही खीर आणि हा रोल. तिने खोका बांधताना लाल दोऱ्याची गाठ दातांनी तोडली.

तीनच्या सुमारास मी बेकरीत पोचले. दिवस मावळायला लागला होता. बाई ट्रे रिकामे करत होत्या, खसखशीचे दोनच तुकडे उरले होते. मी या वेळी नाव बरोबर घेतलं, मुद्दाम सावकाश. त्यांनी मान हलवली. मला ओळखलं नव्हतं, कशाला ओळखतील. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या खोक्याकडे गेली, लाल दोऱ्याकडे.

“तिकडचा?”

“हो.”

“रवा घालतात का ते?”

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. त्या कागद घडी करत म्हणाल्या, आमची आई घालायची, आई लाउबानची. लाउबान म्हणजे आजचं लुबान, पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटर. सायकलवरून जाता येईल. मी विचारलं, तुम्ही गेला आहात का कधी? एकदा, त्या म्हणाल्या, आईला घेऊन, सीमा उघडल्यावर. घर होतं. अंगणात कुणाचीतरी मुलं खेळत होती, म्हणून आई फाटकातूनच परत फिरली. मुलं घाबरतील म्हणाली.

दुकानात फ्रिजचा घरघर आवाज तेवढा चालू होता. मी खोका काउंटरवर ठेवला आणि दोरा सोडला. त्यांनी मागून सुरी आणली, रोलचं एक पातळसं वर्तुळ कापलं, आधी ते उजेडाकडे धरून पाहिलं. काळी वलयं, पांढऱ्या पिठात गुंडाळलेली. मग तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

“गोड जास्त आहे,” त्या म्हणाल्या.

आणि बोटांना लागलेले दाणे एकेक करून चाटून घेतले.